‘संभाव्य कारण’ या रकान्यात काय लिहू?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळून)

ताई, मी पंचविशीतली मुलगी आहे. एम.एस्सी. करून औषधांच्या टॉक्सिकॉलॉजी (विषारीपणाच्या) चाचण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले. सध्या एका नव्या औषधाची उंदरांवरची २८ दिवसांची स्टडी चालू आहे. रोज नळीने पोटात डोस देणं (गॅव्हाज), वजनं घेणं, नोंदी ठेवणं हे माझं काम. हाय डोस गटातला एक नर सतराव्या दिवशी मेला. नेक्रॉप्सीत (मेलेला प्राणी उघडून केलेल्या तपासणीत) अन्ननलिकेला भोक आणि छातीत औषधाचं द्रावण दिसलं. डोस मीच दिला होता, नळी चुकली होती. तेविसाव्या दिवशी सकाळी त्याच गटातला दुसरा नर पिंजऱ्यात मेलेला सापडला. या वेळी अन्ननलिका शाबूत, छाती कोरडी, फुप्फुसं ठीक. पण लिव्हर फिकट, सुजलेलं, ठिपकेदार. हातात ग्लोव्हज होते, म्हणून हे घाईत कच्च्या कागदावर लिहून ठेवलं. फॉर्म भरताना सुपरवायझर सर म्हणाले, “संभाव्य कारण गॅव्हाज एरर लिही. पहिला तसाच गेला, हाही तसाच. लिव्हरबद्दल फार लिहू नकोस, मेल्यावर तसं दिसतंच. एका उंदरासाठी सगळी स्टडी अडकवायची का?” फॉर्म माझ्याकडेच आहे, सही केलेली नाही. सर वाईट नाहीत, मला काम त्यांनीच शिकवलं. घर माझ्या पगारावर चालतं. माझ्या एका ओळीमुळे औषधच बंद पडलं तर? आणि उंदीर म्हणजे काही माणूस नव्हे, मग मी इतकी का अडून बसले आहे? पण अडायचं नसेल, तर आपण हे प्राणी मारतो तरी कशासाठी? मी ही नोकरी सोडावी का?

उत्तर

तुझ्या मोठ्या प्रश्नांकडे येण्याआधी एक छोटं काम सांगते. ते आजच कर. तो कच्चा कागद जपून ठेव.

तुला तो कच्चा वाटतो, पण नियमांच्या दृष्टीने तोच तुझा रॉ डेटा आहे. प्राणी समोर उघडलेला असताना, ज्याने पाहिलं त्याच्याच हाताने झालेली पहिली नोंद ही मूळ नोंद. नंतर नीट अक्षरात भरलेला फॉर्म ही तिची नक्कल. कागद चुरगळलेला असेल, फॉर्मॅलिनचे (अवयव टिकवायच्या द्रावणाचे) डाग पडले असतील, तरी तो फॉर्मला जोडायचा. त्यावर प्राण्याचा क्रमांक किंवा वेळ लिहायची राहिली असेल तर आता शाईने लिही, शेजारी ‘ही माहिती नंतर भरली’ असं लिहून आजची तारीख घाल आणि सही कर. मागची तारीख अजिबात घालू नकोस. काही खोडायचं झालं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी कारण, तारीख, सही. आणि पुढच्या नेक्रॉप्सीला एक माणूस बघायला आणि दुसरा लिहायला, असं मागून घे. कच्च्या कागदाची वेळ येते ती माणूस कमी असल्यामुळे, आणि ही मागणी करायला तुला संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

आता तो रकाना. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा वाटलं की तू स्वतःला दोनच वाटांमध्ये कोंडून घेतलं आहेस. एक तर सरांचं ऐकून ‘गॅव्हाज एरर’ लिहायचं, नाहीतर सरांच्या विरोधात जाऊन ‘औषधाने लिव्हर गेलं’ लिहायचं. माझं म्हणणं असं की दुसरंही लिहू नकोस, कारण ते तुला माहीत नाही. तुला माहीत आहे ते एवढंच: अन्ननलिका अखंड होती, छातीच्या पोकळीत द्रव नव्हता, फुप्फुसं ठीक होती, लिव्हर फिकट, मोठं आणि ठिपकेदार होतं. हे सगळं फॉर्मवर आलं पाहिजे. जे दिसलं नाही तेही लिही. या मृत्यूत न सापडलेलं भोक हे सापडलेल्या लिव्हरइतकंच बोलकं आहे. ठिपके कोणत्या रंगाचे, केवढे, लिव्हरच्या एकाच भागावर की सगळीकडे, वजन घेतलं असेल तर किती, हेही. आणि कारणाच्या रकान्यात, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा (हिस्टोपॅथॉलॉजी) हवाला देऊन, लिही: ‘अनिश्चित, हिस्टोपॅथॉलॉजीनंतर ठरेल.’

हे उत्तर पळपुटं नाही. कारण ठरवणं पॅथॉलॉजिस्टचं काम, आणि त्याचा अख्ख्या स्टडीच्या दृष्टीने अर्थ लावणं स्टडी डायरेक्टरचं. तुझं काम त्यांच्यापर्यंत प्राणी जसा होता तसा पोहोचवणं. त्या रकान्यात एकदा ‘गॅव्हाज एरर’ पडलं की पुढे प्रत्येक जण ते गृहीत धरून चालतो. पॅथॉलॉजिस्टही माणूसच आहे. कारण आधीच ठरलेलं दिसलं की नजर तिकडे वळते. शेवटच्या तक्त्यात तो प्राणी ‘अपघाती मृत्यू’मध्ये जमा होतो आणि औषधाच्या खात्यातून बाहेर पडतो.

सरांविषयी मला घाई करायची नाही, तूही करू नकोस. त्यांच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. रात्री मेलेल्या उंदराचे अवयव सकाळपर्यंत बिघडायला लागलेले असतात आणि लिव्हर त्यात लवकर बदलतं. म्हणून तो जिवंत शेवटचा कधी पाहिला, मेलेला कधी सापडला, नेक्रॉप्सी किती वाजता झाली आणि मधल्या वेळात तो फ्रिजमध्ये होता की बाहेर, हे लिहिणं फार गरजेचं आहे. (फ्रिजमध्येच ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही, गोठल्याने पेशी फाटतात आणि स्लाइड वाचण्यालायक राहत नाही.) शिवाय गॅव्हाजचा प्रत्येक अपघात भोक पाडूनच जातो असं नाही. उंदराला उलटी होत नाही, पण दाट किंवा झोंबणारं द्रावण पोटातून वर येऊन घशामागून नाकाच्या पोकळीत शिरू शकतं. हाय डोसचं द्रावण सहसा सगळ्यांत दाट असतं, त्यामुळे असे मृत्यू नेमके त्याच गटात जास्त दिसू शकतात आणि औषधाचाच परिणाम असल्याचा भास होतो. सरांनी अशी प्रकरणं पाहिली असतील. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा अंदाज पुष्कळदा बरोबर येतो.

पण अंदाज तपासता येत असेल तर तो तपासावा, आणि इथे तो तपासता येतो. जिवंतपणी लिव्हरला इजा झाली असेल तर मेलेल्या पेशींच्या आसपास सहसा दाहाच्या पेशी जमलेल्या दिसतात. मेल्यानंतरच्या बिघाडाला शरीर असा प्रतिसाद देऊ शकत नाही. द्रावण वर आलं असेल तर नाकाच्या पोकळीच्या आणि श्वासनलिकेच्या छेदांत त्याची खूण सापडेल. डोकं अजून फॉर्मॅलिनमध्ये असेल तर ते छेद घेता येतील, म्हणून पॅथॉलॉजिस्टच्या कानावर हे लवकर घाल.

आणि सगळ्यांत जवळचा पुरावा तुझ्याच हातात आहे. त्या उंदराची वजनं. नळी चुकून मेलेला प्राणी सहसा आदल्या दिवसापर्यंत ठीक असतो, वजन वाढत असतं, मग एकाएकी जातो. लिव्हर खचत चाललेल्या प्राण्याचं वजन बहुधा आधी थांबतं, मग उतरतं. खाणं कमी होतं, केस विस्कटतात, तो पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात बसतो. विसाव्या, एकविसाव्या, बाविसाव्या दिवशी तू काय लिहिलं आहेस ते काढून बघ. फक्त बघ, त्या नोंदींना आता हात लावू नकोस. मग त्याच पिंजऱ्यांच्या रांगेतल्या बाकीच्यांची वजनंही बघ, मधल्या डोसच्या गटाचीसुद्धा.

आता तुझी खरी भीती. माझ्या एका ओळीमुळे औषधच बंद पडलं तर?

हाय डोसचा गट मुळात त्रास दिसावा म्हणूनच ठेवलेला असतो. खालच्या डोसला काही होऊ नये, वरच्या डोसला कोणता अवयव आधी हार मानतो ते कळावं, आणि या दोन्हींच्या मध्ये सीमा सापडावी, अशी ती रचना. सगळ्यांत वरच्या डोसलाही कुणाचं काही बिघडलं नाही, तर अनुभवी माणसं विचारतात, डोस पुरेसा वर नेला होता का? अपाय न दिसलेला सर्वांत वरचा डोस हाती आला की त्यावरून माणसाचा पहिला डोस काढतात. समजा उंदरात तो किलोमागे ६२ मिलिग्रॅम निघाला. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) २००५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंदराचा (रॅटचा) आकडा ६.२ ने भागायचा, कारण लहान शरीर किलोच्या हिशेबात जास्त डोस पेलतं. आले १० मिलिग्रॅम. मग खबरदारी म्हणून आणखी किमान दहाने भागायचं. उरला १ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला पहिल्यांदा फार तर ६० मिलिग्रॅम.

तुझा उंदीर हाय डोसचा आहे. त्याचं लिव्हर औषधानेच गेलं असं ठरलं आणि मधला गट स्वच्छ निघाला, तर या हिशेबातला एकही आकडा हलणार नाही. बदलेल ती सोबतची एक ओळ, की या औषधाचा रोख लिव्हरवर असू शकतो. त्या ओळीवर पुढचा डॉक्टर ठरवतो की माणसांवरच्या चाचणीत एएलटी आणि बिलिरुबिन (लिव्हरची स्थिती दाखवणारे रक्तातले घटक) किती दिवसांनी तपासायचं, आधीच लिव्हरचा आजार असलेल्यांना घ्यायचं की नाही, आकडा कुठवर चढला की औषध थांबवायचं. आणि मधल्या गटातही काही निघालं, तर पहिला डोस खाली येईल. औषध तेव्हाही संपत नाही, फक्त त्याची चाल बदलते. माझ्या मते टॉक्सिकॉलॉजीचं औषधाच्या सुरक्षिततेतलं काम हेच आहे. ती पुढच्या माणसाला कुठे बघायचं ते सांगते. पॅरासिटामोल जास्त घेतलं तर लिव्हर निकामी करतं, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. कसं करतं, प्रौढांनी दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा का ओलांडू नये, ओलांडली गेली तर उतारा कोणता, हेही माहीत आहे. एवढं माहीत असल्यामुळेच ते घराघरांत ठेवता येतं.

वाईट निष्कर्ष लिहिला म्हणून औषध मेलं नाही, याचं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ओमेप्राझोल, पित्तावरचं औषध, आज जगभर घेतलं जातं. त्याच्या दीर्घकालीन चाचणीत, उंदरांना जवळजवळ आयुष्यभर मोठे डोस दिल्यावर, त्यांच्या जठरात कार्सिनॉइड गाठी सापडल्या. कॅन्सरची शंका येण्यासारखा निष्कर्ष होता. १९८४ मध्ये माणसांवरच्या चाचण्या थांबल्या. कंपनीपुढचा मोह काय असेल याची कल्पना कर. पण त्या गाठी नोंदींत होत्या, म्हणून ‘का’ हा प्रश्न विचारावा लागला. उत्तर असं निघालं: औषधाने आम्ल दिवसरात्र बंद ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे हार्मोन वाढवून आम्ल परत आणायचा प्रयत्न करतं, हे गॅस्ट्रिन जठरातल्या विशिष्ट पेशींना वाढायला लावतं, उंदरात हा प्रतिसाद फार जोरदार असतो आणि दोन वर्षं तो सतत चालू राहिला की गाठी होतात. म्हणजे औषध पेशींच्या जनुकांवर घाव घालत नव्हतं, तर अति आम्लबंदीचा तो दूरचा परिणाम होता. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, १९८८ मध्ये औषध बाजारात आलं, आणि उंदरांतल्या त्या गाठींचा उल्लेख औषधाच्या माहितीपत्रकात आजही आहे. कुणीतरी त्या पहिल्या गाठीपुढे ‘म्हातारपणामुळे’ असं लिहून मोकळं झालं असतं तर गॅस्ट्रिनची ही साखळी कुणी शोधलीच नसती, आणि माणसांत ते वाढतं का हे पाहायची आठवण कुणालाच झाली नसती.

याची उलट बाजू फियालुरिडीनची. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हेपॅटायटिस बीच्या १५ रुग्णांना हे औषध चाचणीत दिलं जात होतं. सात जणांचं लिव्हर निकामी झालं. पाच जण दगावले, दोघं लिव्हर प्रत्यारोपणामुळे वाचले. प्राण्यांच्या चाचण्यांनी याचा इशारा दिला नव्हता. नंतर समजलं की या औषधाला पेशीतल्या, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियामध्ये नेणारं वाहक प्रथिन माणसात तिथे असतं, उंदरात नसतं. पण मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. आधीच्या छोट्या चाचण्यांतल्या रुग्णांच्या नोंदी नंतर पुन्हा तपासल्या, तेव्हा काही मृत्यूंमागे औषध असावं अशी शंका आली. त्या-त्या वेळी मात्र त्यांना मूळ आजार किंवा इतर कारणं चिकटवली गेली होती. प्रत्येक कारण एकेकटं पाहिलं तर पटण्यासारखं होतं. सरांचं ‘मेल्यावर तसं दिसतंच’ हे वाक्यही एकेकटं पटण्यासारखंच आहे.

फियालुरिडीन वाचून तू म्हणशील, बघा, उंदीर माणसासारखा नसतोच! नसतोच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात १५० औषधं घेतली होती, माणसांत विषारी परिणाम दिसलेली. त्या परिणामांपैकी ७१ टक्के परिणाम उंदीरवर्गीय आणि बिगर-उंदीर अशा दोन्ही प्रकारचे प्राणी मिळून आधी दिसले होते. फक्त उंदीरवर्गीय प्राणी धरले तर ४३ टक्के. या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. बरंच निसटतं, आणि बरंच सापडतंही. थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं. १९६१ च्या अखेरीस मागे घेईपर्यंत दहा हजारांहून जास्त मुलं अपंगत्व घेऊन जन्मली. उंदरांत त्याचे दोष सहसा दिसत नाहीत, सशांत दिसतात. म्हणून आज गर्भावरच्या चाचण्या उंदरांसोबत सशांतही करतात. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ या प्रतिपिंडाने सहा निरोगी स्वयंसेवक मरणाच्या दारात गेले, तेही माकडांनी पाचशे पट डोस सहन केल्यानंतर. सगळे वाचले, आणि तेव्हापासून अशा पहिल्या चाचणीत एका माणसाला डोस देऊन थांबून बघायचं, मगच दुसऱ्याला, ही शिस्त कडक झाली.

तेव्हा उंदरात न दिसणं हे सुरक्षिततेचं आश्वासन नाही, हे खरं. पण त्यावरून उंदरात दिसलेलंही सोडून द्यायचं, हा उलटा हिशेब झाला. साधन अपुरं आहे म्हणून त्याने दाखवलेलं तरी पूर्ण वाचावं.

तू विचारतेस, मग हे प्राणी मारतो कशासाठी. या प्रश्नाला मी तत्त्वज्ञानात नेणार नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी तीन गोष्टी मांडल्या: शक्य तिथे प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरा, लागतील तितकेच प्राणी घ्या, आणि त्यांचा त्रास कमी करा. तुमच्याकडच्या प्रत्येक प्रोटोकॉलमागे ही मांडणी आहे. पण तिच्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली आहे, की प्राण्याकडून मिळालेली माहिती वापरली जाईल. तेविसाव्या दिवशीचा तो नर मेला, आता ते बदलणार नाही. त्याचं लिव्हर काय सांगतं ते न लिहिता त्याला अपघातात टाकणं म्हणजे त्याला विनाकारण मारणं. आणि उद्या शंका आली तर हीच स्टडी नव्याने करावी लागेल, तितकेच उंदीर पुन्हा लागतील.

सरांशी बोलायचं कसं? एकटं गाठून, आवाज न चढवता, आरोप न करता. “सर, पहिल्या प्राण्यात भोक दिसलं होतं, यात दिसलं नाही. मी दिसलं ते लिहिलंय आणि कारण हिस्टोवर ठेवलंय. तुम्हाला गॅव्हाज एरर वाटत असेल तर खाली तुमचा अभिप्राय लिहून सही कराल का?” एवढंच. यात त्यांचा मान राहतो आणि तुझ्या नोंदीलाही धक्का लागत नाही. त्यांनी अभिप्राय लिहिला तर उत्तमच, पॅथॉलॉजिस्टपुढे दोन्ही मतं जातील. मला वाटतं, बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण बोलून टाकलेलं वाक्य सहीनिशी लिहायची वेळ आली की माणूस पुन्हा विचार करतो.

ते चिडले किंवा अडून बसले, तर स्टडी डायरेक्टरकडे जा. स्टडीची शास्त्रीय जबाबदारी त्यांची, आणि असा मृत्यू त्यांना वेळेवर कळणं हा त्यांचा हक्क आहे. तिथेही दार बंद झालं तर क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणारा विभाग. क्यूए विभाग स्टडीत भाग घेत नाही, तो स्वतंत्र असावा अशीच नियमांची रचना आहे. तक्रार घेऊन जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा: “मृत्यूचं कारण पॅथॉलॉजीआधी भरायचं का, आपली एसओपी काय म्हणते?” एसओपी, म्हणजे ठरलेली लेखी कार्यपद्धती, त्याआधी स्वतः वाचून जा. तुमच्या एसओपीत काही प्रकट लक्षणं दिसल्याशिवाय गॅव्हाज एरर म्हणू नये असं लिहिलेलं असेल, तर वाद तिथेच संपला. या सगळ्यात कागदांचे फोटो मोबाइलवर काढू नकोस, स्वतःला ईमेल करू नकोस, मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहू नकोस. गोपनीयतेच्या एका चुकीने मूळ मुद्दा बाजूला पडेल आणि दोषी तू ठरशील. कोणत्या दिवशी कुणाशी काय बोलणं झालं एवढं, औषधाचं आणि स्टडीचं नाव न घालता, घरच्या वहीत लिहून ठेव.

नोकरीची भीती खरी आहे. घर चालवणाऱ्या मुलीला ‘घाबरू नकोस’ म्हणणं सोपं, आणि मी ते म्हणणार नाही. सर नाराज होतील, कदाचित पुढची चांगली स्टडी दुसऱ्याला देतील. पण दुसऱ्या बाजूचं वजनही बघ. फॉर्मवर सही तुझी असेल. १९७० च्या दशकात अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची प्रयोगशाळा विषचाचण्यांमधली फार मोठी प्रयोगशाळा होती. १९७६ मध्ये एफडीएचे पॅथॉलॉजिस्ट एड्रियन ग्रॉस यांना तिथल्या नोंदी खटकल्या. कुजून गेल्यामुळे तपासता आले नाहीत असे उंदीर, मेलेल्यांच्या जागी गुपचूप आणून ठेवलेले नवे उंदीर, न केलेल्या तपासण्यांचे आकडे असं सगळं बाहेर आलं. १९८३ मध्ये तिथल्या तिघा अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि त्या प्रयोगशाळेच्या अनेक चाचण्या बाद धराव्या लागल्या. तू रोज ज्या जीएलपीच्या (चांगल्या प्रयोगशाळा-पद्धतीच्या) नियमांनी बांधलेली असतेस, ते एफडीएने १९७८ मध्ये आणले आणि ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेने १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले, ते अशाच प्रकरणांमुळे. तारीख घाल, सही कर, खोडलेलं दिसू दे, हे सगळं तुझ्यासारख्या कनिष्ठ माणसाच्या संरक्षणासाठीही आहे. तपासनीस वर्षांनंतर येतो तेव्हा सरांचे तोंडी शब्द कुठेच नसतात.

नोकरी सोडायचा निर्णय या फॉर्ममध्ये मिसळू नकोस. सही न करता निघून गेलीस तर तो फॉर्म दुसरं कुणीतरी भरेल आणि तुझा कागद हरवेल. आधी हे काम पूर्ण कर. मग महिन्याभराने, शांतपणे, दोन प्रश्न वेगवेगळे विचार. ही प्रयोगशाळा नको आहे का? खरं लिहिल्याबद्दल शिक्षा झाली, तर शोध सुरू कर, आणि हातात दुसरी नोकरी आली की मगच सोड. की प्राण्यांवरचं कामच नको आहे? तसं असेल तर त्यात कमीपणा नाही, आणि क्षेत्र सोडायचीही गरज नाही. जनुकीय इजा शोधणारी एम्स टेस्ट जिवाणूंवर होते. हृदयाची लय बिघडवू शकणारी औषधं पेशींमधल्या हर्ग नावाच्या पोटॅशियमच्या मार्गावर आधीच तपासतात. मानवी लिव्हरच्या पेशी चिपवर वाढवून काम चाललं आहे. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने नव्या औषधासाठी प्राण्यांच्या चाचणीची सक्ती काढली आणि अशा पद्धतींना वाट करून दिली. या पद्धतींचा भरवसा ठरवायला, खऱ्या प्राण्याच्या लिव्हरमध्ये काय दिसतं हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं लागणार आहेत. तू त्यांतली आहेस.

हे वाचणाऱ्यांत क्लिनिकल ट्रायलमध्ये काम करणारे कोऑर्डिनेटर, परिचारिका, औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेणारे फार्मासिस्ट असतील. तुमच्या फॉर्मवरही ‘औषधाशी संबंध आहे का’ असा रकाना असतो, आणि तो पटकन ‘नाही’ने भरायची घाई तुम्हालाही होते. आधी घटना पूर्ण लिहा: कधी सुरू झाली, डोसनंतर किती तासांनी, औषध थांबवल्यावर काय झालं, सोबत दुसरं कोणतं औषध चालू होतं. संबंधाचं नंतर. तीन हजार रुग्णांत एकदाही न दिसलेला त्रास हजारात एकाला होत असण्याची शक्यता त्या आकड्यांवरून फेटाळता येत नाही, एवढं चाचण्यांचं बळ तोकडं असतं. त्यामुळे एकेक नोंद मोलाची आहे. आणि जे फक्त रुग्ण आहेत, माहितीपत्रकात ‘उंदरांमध्ये गाठी आढळल्या’ वाचून ज्यांना धडकी भरते, त्यांनी औषध परस्पर बंद करू नये. किती डोसला आढळल्या, माणसांत काय दिसलं आणि मी कोणती तपासणी किती दिवसांनी करू, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारावेत.

तू मात्र उद्या सकाळी डोसिंग सुरू व्हायच्या आधी सरांशी बोलून घे. अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीच्यांचं रक्त घेतलं जाईल, त्याआधी स्टडी डायरेक्टरला हे कळलं तर लिव्हरच्या तपासण्या नीट आखता येतील. नंतर कळलं तर ती संधी गेली. आणि त्या नराच्या लिव्हरची स्लाइड तयार झाली की पॅथॉलॉजिस्टना विचारून सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या आयपीसवर बसून स्वतः बघ. औषधामुळे असो वा नसो, तू कळवलंस तर मलाही कळेल.